दोन रुपये पान

मरोळ नाक्याच्या आतल्या गल्लीत, पतपेढीच्या जिन्याखाली
माझं झेरॉक्सचं दुकान. सहा बाय आठ.
एकवीस वर्षं लोकांचे बायोडेटा
माझ्या काचेवर पालथे झोपतात
आणि मी न वाचल्यासारखं करून
सगळे वाचते.

म्हणून सांगते, मेस्त्री, रागावू नका.
चाळीस प्रती नाही काढणार.
चाळीस म्हणजे मुंजीच्या पत्रिका,
वाटल्या कुणालाही, जेवायला कुणी येत नाही.
दोन काढते. त्या दोन ठिकाणी नेमकं काय अडलंय
ते विचारून या, कागद तसा बदला,
मग पुढच्या दोन.

हे वरचं खोडा. उंची, रक्तगट, 'छंद : वाचन'.
शेवटचं काय वाचलंत?
बघा, गप्प झालात.
'कष्टाळू व प्रामाणिक' हेही खोडा,
कागदावर अख्खा अंधेरी पूर्व प्रामाणिक आहे.
परवा चहा पिताना म्हणालात ना,
तुमच्या हाताखाली रिजेक्शन
शंभरात अकरावरून तीनवर आलं?
ते कुठंय इथं?
चहावाल्याला सांगितलंत, मला सांगितलंत,
आणि ज्याला सांगायचं त्याला सांगितलंत रक्तगट.

वही करा एक. शंभर पानी पुरे.
कुणाला भेटलात, काय म्हणाला, पुन्हा कधी फोन.
सोमवारी सकाळी कुणाला फोन करू नका,
तेव्हा प्रत्येक जण कुणाच्या तरी शिव्या खात असतो.
'कळवतो' म्हणाला की 'किती तारखेला?' विचारा.
लाजू नका. तारीख फुकट असते.

आणि ओळखीच्यांकडे नोकरी मागू नका.
नोकरी मागितली की माणूस घड्याळ बघतो.
विचारा, 'तुमच्याकडे मशीनवर हल्ली काय चाललंय?'
त्यावर बोलायला सगळ्यांना आवडतं,
दोन-दोन तास बोलतात.

पण तुम्ही ओळखीच्यांना सांगितलंच कुठंय?
सव्वाआठला डबा घेऊन निघता, घरून,
नेहमीसारखे, बूट पॉलिश करून.
एक वाजता तो डबा
माझ्या कागदांच्या रिमांवर बसून खाता.
दीड महिना झाला.
वहिनींच्या हातची गवार मला आता पाठ झाली,
त्यांना मात्र ठाऊक नाही
की त्यांचा डबा कुठे उघडतो.
मेस्त्री, त्यांचा भाऊ तळोज्याला आहे ना कारखान्यात?
मग? त्याला कोण सांगणार, मी?

थांबा, टोनर हलवते.

खरं तर हे आधीच सांगायला हवं होतं :
मला नाही मिळाली नोकरी.
औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते, ती गेली गुजरातला,
आणि मी काढल्या चाळीस प्रती.
अकरा वाटल्या. मग पाय दुखले, की मन,
आता आठवत नाही.
उरलेल्या एकोणतीसांच्या पाठीवर
या दुकानाचा पहिल्या वर्षाचा हिशेब आहे.
एका बाजूला 'छंद : वाचन',
दुसऱ्या बाजूला 'शाई, वीज, उधारी : फर्नांडिस, चौदा रुपये'.
तेव्हा माझं ऐका, किंवा ऐकू नका.
मी फक्त चुका मोजल्यात, दोन रुपये पान.

आणि हा मोबाइल नंबर. मोजा.
बोटानं मोजा.
नऊच आहेत ना?
हसू नका. तिसऱ्या ठिकाणी, चौथ्या ठिकाणी
कुणी लावलाही असेल,
नसेल लागला.

त्यांनी पेन घेतलं. मधे एक सात बसवला, अरुंद जागेत,
बसमध्ये सरकून बसतात तसा.
म्हटलं, थांबा, छापायच्या आधी लावून बघते.

शर्टाच्या खिशात वाजला.
मेस्त्री दचकले.
माझा हात फोनवर, माझा चेहरा त्यांच्यासमोर
हातभर अंतरावर,
तरी त्यांनी कॉलर नीट केली,
घसा साफ केला,
पाठ ताठ केली
आणि म्हणाले,
'नमस्कार, दिगंबर मेस्त्री बोलतोय.'